हुकलेला हंगाम

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा आहे. त्यातले २५ किलोमीटर मागे पडले की पापनाशम लागते. कावेरी आपल्या अनेक फाट्यांनी जो मुलूख भिजवते, त्या मुलखातले हे गाव. दोहो बाजूंना भाताची खाचरे, अधूनमधून केळीच्या बागा, नारळाच्या रांगा, आणि क्षितिजापर्यंत कोठेही डोंगर नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य नांदले, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रदेश नावाने तरी परका नाही. परंतु सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या सायकलपटूला हा रस्ता पाहून क्षणभर हसू येईल. येथे चढ नाही, अवघड वळण नाही, दरी नाही. कालव्यावरच्या पुलाचा उंचवटा हाच काय तो घाट!

हे हसू फार काळ टिकत नाही. घाटात चढ कितीही कठीण असला तरी माथा गाठला की उतार मिळतो. पाय थांबतात, छाती मोकळी होते, घाम वाळतो. सपाटीवर ही सवलत नाही. पाय थांबले की सायकल मंदावते. येथे खरा प्रतिस्पर्धी म्हणजे समोरची हवा. सायकलीचा वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ही आठपट शक्ती डोळ्यांना दिसत नाही. घाटात चढणाऱ्या सायकलपटूचे कष्ट वाटेवरचा गुराखीही ओळखतो; सपाटीवर झुंजणाऱ्याचे कष्ट त्याच्या त्यालाच ठाऊक असतात.

अशा रस्त्यावर पहाटेच्या काळोखात सराव करणारा एखादा हौशी शर्यतपटू डोळ्यांपुढे आणावा. तो कोणी एक विशिष्ट मनुष्य नव्हे. तो पापनाशमला असेल, तसाच सांगलीला, नाशिकला किंवा बेळगावलाही असेल. दिवसा तो कचेरीत कारकुनी करतो, शाळेत शिकवतो किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. शर्यतीतून त्याचा चरितार्थ चालत नाही. उलट टायर, साखळी, प्रवास आणि प्रवेशशुल्क यांपायी पगारातला थोडा भाग दरमहा खर्ची पडतो. त्याला आपण हौशी म्हणतो. एके काळी हा शब्द सायकलीच्या जगात कायद्याचा शब्द होता. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंसाठी दोन स्वतंत्र शाखा केल्या. ती विभागणी १९९२ पर्यंत टिकली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून व्यावसायिक सायकलपटूंनाही ऑलिंपिकचे दार उघडले. कायद्यातला भेद असा मिटला. जीवनातला मिटलेला नाही. व्यावसायिकाच्या मागे संघ असतो, डॉक्टर असतो, मालिश करणारा असतो. हौशी सायकलपटूच्या मागे त्याचे घर असते, आणि ते घर पुष्कळदा त्याच्या छंदावर थोडे रागावलेलेही असते.

त्याच्या वर्षाला हंगाम असतो. महाराष्ट्रात पाऊस ओसरला, रस्ते वाळले, हवेत गारवा आला की शर्यतींचे दिवस येतात. कावेरीच्या मुलखात ईशान्येकडील मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो, म्हणून तेथील सायकलपटूला आपले वेळापत्रक निराळे मांडावे लागते. मराठी सायकलपटूच्या मनात या हंगामाचे शिखर म्हणजे मुंबई-पुणे शर्यत. पनवेल मागे टाकून खोपोलीला पोहोचेपर्यंत सारे एकत्र असतात. पुढे बोरघाट लागतो. १८३० मध्ये वाहनांसाठी खुला झालेला हा घाटरस्ता खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढतो. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणांवर घोळका फुटतो, आणि जो प्रथम माथ्यावर पोहोचतो त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. शर्यत जिंकणारा एक आणि घाट जिंकणारा दुसरा, असेही घडते. लोकांच्या स्मरणात मात्र पुष्कळदा घाटाचा राजाच अधिक राहतो. चढावर झुंजणारा मनुष्य सर्वांना आवडतो.

या एका दिवसासाठी वर्षभर साठवण चालते. पापनाशमलगत तिरुप्पालैत्तुरै येथे शिवमंदिरापाशी विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, नायक राजांच्या काळात ते बांधले गेले. घुमटाकार माथ्याच्या त्या वास्तूत एकेका सुगीचे धान्य रिते होई आणि पुढे महिनोन् महिने पुरे. सायकलपटूच्या देहातही असेच एक कोठार असते. रोजच्या सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते. मूठ मूठ धान्य पडावे तशी ही भर पडते. फरक एवढाच की विटांच्या कोठारातले धान्य कुलूप लावून ठेवता येते. देहाच्या कोठाराला कुलूप नाही. भर थांबली की गळती सुरू होते.

ही गळती किती वेगाने होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे झाला. स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांचे सहकारी यांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. तीन आठवड्यांनंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने सुमारे एक चतुर्थांशाहून अधिक घटलेली आढळली. पुढे आठ आठवडे नेमाने व्यायाम दिल्यावर ती भरून आली, इतकेच नव्हे तर ज्यांना पूर्वी व्यायामाची सवय नव्हती त्यांची क्षमता मूळच्याहून वाढली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की वयाच्या ३० वर्षांनी त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली नव्हती, तेवढी विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. सायकलपटूने या प्रयोगाचे दोन्ही भाग ध्यानात ठेवावेत. कोठार फार लवकर रिते होते, हा एक. आणि ते पुन्हा भरता येते, हा दुसरा.

आता आपल्या हौशी सायकलपटूवर प्रसंग येतो. हंगाम तोंडावर आलेला असतो. पहाटेचा ओला रस्ता, पुलाच्या तोंडाशी साचलेला चिखल, आणि मागचे चाक घसरते. पाय पेडलच्या खोबणीत अडकलेला. देह एका दिशेला पडतो आणि गुडघा दुसऱ्या दिशेला पिळला जातो. सायकलपटू पडतात तेव्हा बहुधा गळ्याचे हाड मोडते, ते त्या मानाने लवकर जुळते. परंतु याच्या वाट्याला गुडघा येतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत फुलीच्या आकारात बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा तुटतो. तपासणी होते, चित्रे काढली जातात आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो.

शस्त्रक्रियेत शल्यवैद्य तुटलेला बंध शिवीत नाही. त्याच देहातून, मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा, एखादा स्नायुबंध घेऊन तो हाडांत पाडलेल्या भोकांतून ओवतो आणि तेथे घट्ट बसवतो. माळी जसे कलम बांधतो तसेच हे कलम. आणि कलमाप्रमाणेच ते धरावे लागते. बसवलेल्या तुकड्याला आरंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या शिरतात, नवे तंतू विणले जातात. या उलथापालथीत पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारास ते कलम शस्त्रक्रियेच्या दिवशी होते त्याहूनही दुबळे होते.

सर्वात मोठा धोका नेमका येथे असतो. त्याच सुमारास सूज उतरलेली असते. जखम भरून आलेली असते. चालताना दुखेनासे होते. कुबड्या माळ्यावर गेलेल्या असतात. मनुष्याला वाटते, आपण बरे झालो. म्हणजे ज्या दिवसांत गुडघा सर्वात कमी तक्रार करतो, त्याच दिवसांत आतले कलम सर्वात नाजूक असते. वेदना ही देहाची पहारेकरीण आहे असे आपण समजतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. येथे मात्र पहारेकरीण आपले काम संपले असे समजून निघून जाते आणि दार उघडे राहते. अशा वेळी मित्र शर्यतीचे पत्रक घेऊन येतो. हंगामातली शेवटची शर्यत अजून उरलेली असते.

पापनाशमच्या शेतकऱ्याला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. त्या मुलखात भाताची दोन मुख्य पिके निघतात. जूनच्या सुमारास पेरलेले कुरुवै साडेतीन महिन्यांत हाती येते. ऑगस्टच्या सुमारास पेरलेले सांबा जानेवारीपर्यंत उभे असते. कोकणातला शेतकरी यालाच हळवे भात आणि गरवे भात म्हणतो. हळवे लवकर लोंब्या टाकते, गरवे उशिरा. गरव्या भाताच्या खाचरात हळव्याच्या दिवसांत विळा घेऊन उतरणाऱ्याच्या हाती दाणे लागत नाहीत, नुसता पेंढा लागतो. सायकलपटूच्या देहातही दोन पिके एकाच वेळी वाढत असतात. हृदय आणि फुप्फुसे हे हळवे पीक. काही आठवड्यांच्या सरावात ते डोलू लागते. अस्थिबंधाचे कलम हे गरवे. अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत उड्या, पिळे आणि धक्के असलेल्या खेळांत परतणाऱ्यांना नव्या इजेचा धोका अधिक असतो, असे अलीकडच्या अभ्यासांनी दाखवले आहे. छाती म्हणते चल, गुडघा म्हणतो थांब. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

मग थांबणे म्हणजे निजून राहणे काय? तसेही नाही. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दीर्घकाळ अंथरुणावर ठेवण्याची एके काळी रीतच होती. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने अंथरुणाच्या धोक्यांविषयी एक खरमरीत लेख लिहून त्या समजुतीला धक्का दिला. आज गुडघ्याच्या रोग्याला बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतात. फिजिओथेरपिस्ट त्याला पहिला धडा देतो तो मांडी आवळण्याचा. हा धडा हास्यास्पद वाटतो. ज्या मांडीने काही आठवड्यांपूर्वी शेकडो किलोमीटर सायकल चालवली, तीच मांडी आता मालकाची आज्ञा ऐकत नाही. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून जाणारा संदेश मंदावतो, आणि तो स्नायू दिवसेंदिवस उतरत जातो. फिता लावून दोन्ही मांड्या मोजल्या तर फरक डोळ्यांना दिसतो.

त्यानंतर येते ती जागच्या जागी उभी असलेली सायकल. पेडलचा एक पूर्ण फेरा मारावयाचा तर गुडघा सुमारे ११० अंशांत वाकावा लागतो. ७० अंशांवर गुडघा अडतो, मग पेडल पुढे-मागे झुलवीत राहावयाचे. ८० होतात, ९० होतात. एखाद्या आठवड्यात काहीच वाढत नाही. आणि एके दिवशी पाय वरच्या बिंदूवरून अडखळत का होईना पलीकडे जातो. पहिला फेरा पूर्ण होतो. या फेऱ्याला टाळ्या नाहीत, पंच नाहीत, सेकंदकाटा नाही. सायकल एक इंचही पुढे सरकलेली नसते. तरीही त्या वर्षातली त्याची सर्वात मोठी मजल तीच असते. पुढे काही आठवड्यांनी त्याला खुल्या रस्त्यावर सायकल चालवण्याची परवानगी मिळते, तीही सपाटीवर आणि हलक्या गिअरवर. ज्या सपाट रस्त्याला सह्याद्रीचा सायकलपटू हसला असता, तो पापनाशमसारखा रस्ता आता त्याचा वैद्य होतो. चढावर गुडघ्यावर जो ताण येतो तो येथे नाही. उतारावर पडण्याचे जे भय ते येथे नाही. आहे ती केवळ एकसारखी, सौम्य, न संपणारी फिरती. शर्यतपटूच्या स्वभावाला याहून मोठी शिक्षा नसेल. गावातले एखादे पोर दप्तर पाठीवर टाकून त्याला मागे टाकते आणि वळून पाहते. त्या क्षणी पायांत जोर आणण्याचा मोह आवरणे हे घाट चढण्याहून कठीण आहे.

हा मोह आवरण्यास एक साधन मदत करते, ते म्हणजे टिपण. आज गुडघा किती अंश वाकला, मांडीचा घेर किती, सूज किती, किती मिनिटे सायकल फिरवली आणि रात्री दुखले की नाही, एवढे चार ओळींत लिहावे. आज मनगटावरची यंत्रे नाडीचे ठोके आपोआप मोजतात, पेडलवर पडणारा जोर आकड्यांत दाखवतात. तरीही हाताने लिहिलेल्या ओळीची सर त्यांना येत नाही. रोज पाहणाऱ्याला न दिसणारी प्रगती महिन्यापूर्वीचे पान उलटले की दिसते. विशेष हे की अशा टिपणांची एक थोर परंपरा पापनाशमपासून २५ किलोमीटरांवर, तंजावरातच आहे. दुसरे सरफोजी हे १७९८ ते १८३२ पर्यंत तंजावरच्या गादीवर होते. ग्रंथांचा त्यांचा व्यासंग सर्वांना ठाऊक आहे. वैद्यकाचा तितकासा ठाऊक नाही. राजवाड्याशी संलग्न असलेल्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचे उपचार होत. त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात जपलेली आहेत. रोगी आला तेव्हा डोळा कसा होता, कोणता उपचार केला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे त्यांत नोंदले आहे. छायाचित्रण व्यवहारात येण्यापूर्वी चितारी बसवून डोळा रंगवून ठेवणाऱ्या या राजाला एक गोष्ट उमगली होती. शस्त्रक्रिया एका घटकेत होते, बरे होणे मात्र दिवसांमागून दिवस चालते, आणि जे दिवसांमागून दिवस चालते ते लिहून ठेवल्यावाचून कळत नाही.

जगाला मात्र अशी टिपणे वाचावयास सवड नसते. जग शेवटचा आकडा लक्षात ठेवते. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ हा १९८६ मध्ये फ्रान्सची सुप्रसिद्ध टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी, एप्रिल १९८७ मध्ये, शिकारीला गेला असताना नातलगाच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या छऱ्यांनी त्याचा देह विंधला गेला. तातडीच्या शस्त्रक्रियेने प्राण वाचले. सुमारे तीन डझन छरे देहातच राहिले, काही तर हृदयाच्या आवरणात. १९८७ आणि १९८८ या दोन्ही वर्षी तो त्या शर्यतीत नव्हता. १९८९ च्या उन्हाळ्यात इटलीच्या शर्यतीत तो इतका मागे पडला की खेळ सोडून देण्याचा विचार त्याच्या मनात आला. तेथे त्याचा क्रमांक ३९ वा लागला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी टूरच्या अखेरच्या दिवशी तो फ्रान्सच्या लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरांत त्याने ते अंतर तोडले आणि ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. हे ८ सेकंद इतिहासात अमर झाले. त्यांच्या मागचे २७ महिने कोणी मोजत नाही.

लेमाँ व्यावसायिक होता, त्याच्यामागे साधने होती, असे कोणी म्हणेल. तर मग सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र पाहावे. ते सायकलपटू नव्हते. सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक गोळी मणक्यापाशी रुतून राहिली. कमरेखालचे बळ गेले. मुष्टियोद्ध्याचा हंगाम कायमचा हुकला. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. औषध म्हणून सुरू झालेले पोहणे हळूहळू खेळ झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णपदक. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. ३७ सेकंदांच्या त्या शर्यतीमागे रुग्णालयातल्या खाटेपासूनची सात वर्षे उभी होती, आणि त्या सात वर्षांतला बहुतेक काळ कोणी पाहत नव्हते.

सायकलीच्याच क्षेत्रातले मराठी उदाहरण अगदी अलीकडचे आहे. भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया या तरुणीने रस्त्यावरील अपघातात एक पाय गमावला. पुढे हैदराबाद येथे तिने सायकलीचे शिक्षण घेतले, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ती आणि आंध्र प्रदेशाचा अर्शद शेख हे दोघे सायकलशर्यतींत उतरले. त्या स्पर्धेत भारताचे सायकलपटू उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्योतीने बंदिस्त धावपट्टीवरही शर्यत केली आणि खुल्या रस्त्यावरही. पदक मिळाले नाही. परंतु तिच्या उदाहरणाने एक गैरसमज दूर व्हावा. बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, असे आपण धरून चालतो. गुडघा दुरुस्त झालेला सायकलपटूसुद्धा पुष्कळदा पूर्वीसारखा होत नाही. थंडीत त्याचा सांधा आखडतो, उठताना आवाज करतो. गमावलेला पाय तर परत येतच नाही. जे परत येते ते निराळेच असते, आणि ते निराळे असूनही शर्यतीच्या आरंभरेषेवर उभे राहू शकते.

हौशी सायकलपटूच्या बाबतीत प्रश्न केवळ शर्यतीचाही नसतो. घाईने पुन्हा फाटलेले कलम दुसऱ्यांदा बसवावे लागते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड, तिचे फळ पहिलीहून अनिश्चित. सांध्यातली गादी झिजते आणि पन्नाशीत येणारी संधिवाताची व्यथा चाळिशीतच दारात उभी राहते. ज्याला सायकलीवर पोट भरावयाचे नाही, त्याला याच गुडघ्यावर जिने चढावयाचे असतात, शेताच्या बांधावर चालावयाचे असते, मुलाला खांद्यावर घ्यावयाचे असते. एका हंगामाच्या शेवटच्या शर्यतीसाठी हे सारे पणाला लावण्यात शौर्य आहे असे मानणारे पुष्कळ असतात. बक्षीससमारंभात त्यांच्या तोंडून टाळीची वाक्येही निघतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र खाटेजवळ बसते ती त्याची आई किंवा बायको.

म्हणून खेळाडूंच्या मंडळांनी आणि मित्रांनी एक गोष्ट करावी. जखमी सोबत्याला ‘केव्हा येणार’ असे विचारण्याऐवजी ‘आज किती वाकला’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मन वर्षाच्या अखेरीकडे धाव घेते. दुसऱ्याने ते आजच्या दिवसावर राहते. शर्यतीच्या दिवशी त्याला घरी बसू देऊ नये. पाण्याच्या बाटल्या देण्याचे, चाके बदलण्याचे, वेळ टिपण्याचे काम त्याला द्यावे. ज्याने स्वतः घाट चढला आहे, त्याच्या इतक्या नेमकेपणाने बाटली कोठे हवी हे दुसऱ्या कोणास कळणार? हंगाम त्याचा हुकला तरी खेळ हुकत नाही.

आणि मग पुढचा हंगाम येतो. नऊ महिने, दहा महिने, कदाचित वर्ष लोटलेले असते. टिपणवहीच्या पानांवर ७० चे ११० झालेले असतात, दोन्ही मांड्यांचे घेर जवळजवळ जुळलेले असतात. सायकलपटू आरंभरेषेवर उभा राहतो. त्याचा क्रमांक पहिला लागणार नाही. बहुधा तो मधल्या घोळक्यात कोठेतरी येईल आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव छापले जाणार नाही. वेळ टिपणारा गृहस्थ त्याच्या नावापुढे तास, मिनिटे आणि सेकंद लिहील, आणि लगेच पुढच्या सायकलकडे वळेल. त्याची तक्रार नसते. शर्यतीचा वेळ कसा मोजतात हे त्याला पूर्वीपासून ठाऊक होते. गरव्या पिकाचे दिवस कसे मोजावेत हे तो या वर्षी शिकला. घरी पोहोचल्यावर तो वही उघडतो आणि त्या दिवसाच्या चार ओळी लिहितो. गुडघा दुखला नाही, अशी त्यांतली शेवटची ओळ असते.